उंबऱ्याची ओल

कुणा वास्तूवाल्यानं कान फुंकले आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बेंबळीतल्या घराचं दक्षिणेचं दार उचलून पूर्वेला नेलं. जुनं दार विटांनी बुजवायचं ठरलं. उंबरा काढायला मात्र सासूबाई तयार नव्हत्या.

बलभीम गवंडी समजावून थकला. "अक्का, दगुड भिताडातनं आरपार हाय. बाहेरची ओल नि गारठा सगळा आत येतोय बघा. काढू द्या, खाली काँक्रीटचा पट्टा टाकतो, मग विटा लावतो."

सासूबाई उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या. "बांध मग माझ्यावरनंच."

शेवटी उंबरा तसाच ठेवून बलभीमनं वर विटा चढवल्या.

डिसेंबरात मी तान्ह्या वीरभद्रला घेऊन माहेरहून आले, तर पाळणा नेमका त्याच भिंतीशी. बुजवलेला भाग हाताला गार लागायचा आणि खालून गुडघाभर ओल चढलेली. पावसाचा पत्ता नाही, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आमची भिंत घामाघूम! मामंजींनी आतून महागाचा रंग मारला, त्यालाही पोपडे आले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इकडे पोराची छाती घरघरायला लागली आणि माझं टाळकं सरकलं.

एका सकाळी पोराला कोवळं ऊन द्यायला घराच्या दक्षिणेच्या अंगाला गेले, तर सासूबाई जुन्या उंबऱ्यावर कळशी रिती करत होत्या.

"आत्याबाई! प्यायला पाणी न्हाय आन् तुमी भिंतीला पाजताय व्हय?"

"भिंतीला न्हाय, माझ्या बाला पाजते." त्यांनी पदरानं हात पुसले. "तामलवाडीवरनं चालत यायचा. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाय, असला करडा माणूस. हितंच बसायचा. घसा सुकला तरी तांब्याला हात न्हाय लावायचा. तुझा नवरा पोटात हुता, तवाच गेला."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या रडण्यानं पोराची छाती थोडीच मोकळी होणार होती?

"आवो, बाबांच्या पणतवालाच गारठवताय की तुमी!"

त्यांनी पोराकडं पाहिलं. कळशी खाली ठेवली. म्हणाल्या, "बलभीमला बोलीव."

बलभीमनं दगड अलगद काढला. खाली पट्टा टाकला, आतून बोटभर पोकळी सोडून दुसरी भिंत उभी केली. उंबरा पूर्वेच्या दारात आला, पाणी अंगणात वाहून जाईल असा उतार देऊन.

उंबऱ्याला पाणी का पाजतात, ते मामंजींनाही त्याच दिवशी कळलं. इतक्या वर्षांत बायकोनं त्यांना सांगितलं नव्हतं. ते आत गेले, माठातलं तांब्याभर पाणी घेऊन आले आणि गुडघे कुरकुरत असतानाही उंबऱ्यापाशी खाली बसले.

"मामा," ते दगडाला म्हणाले, "नातू झाला, पणतू झाला. आता तरी घ्या पाणी."