पिठावरचं पाऊल

मी एक जुनं टोपलं आहे. बांबूचं. माझ्या काठाच्या दोन कामट्या तुटल्या आहेत आणि अंगाला झिंग्यांचा वास येतो, तेव्हा नाक धरून ऐकलंत तरी मला राग नाही. मित्रांनो, माणसं मागच्या जन्माबद्दल फार बोलतात. माझा मागचा जन्म मला पक्का ठाऊक आहे: मी जंगलात बांबू होतो. लाखांदूरच्या एका बुरडिणीनं मला चिरलं, विणलं आणि बाजारात मांडलं. माणसांचं कसं असतं ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटत होतं, त्यांच्या घरात काय झालं तेवढं सांगतो.

मला विकत घेतलं तुलारामनं. दिघोरीजवळच्या एका गावातला हा ढिवर, तलावात मासे धरणारा. त्याला मी मासळीसाठी नको होतो, दहाव्यासाठी हवा होतो. त्याची धाकटी बहीण दीपमाला शिंगाडे तोडायला पाण्यात उतरली, वेलीत पाय अडकला आणि बुडाली. तिचं लग्न ठरलं होतं. तुमच्यापैकी काहींना ही रीत माहीत असेल. सारवलेल्या जागी तांदळाचं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर कोरं टोपलं पालथं घालतात. सकाळी ते उचलून पाहायचं. जी खूण उमटली असेल त्या जन्माला मेलेल्याचा जीव गेला. चिमणीचा पाय दिसला तर चिमणी, गाईचा खूर दिसला तर गाय. काहीच दिसलं नाही तर लोक हळहळतात आणि चहा पितात.

मी पिठावर पालथा होतो. रात्रभर माझ्याखाली कुणी आलं नाही, एक मुंगीसुद्धा नाही. उजाडताना दीपमालाची आई रंभाबाई उठली. तिनं मला हलकेच उचललं आणि कोऱ्या पिठाकडे पाहत राहिली. मग मूठ वळून तिची कड पिठावर टेकवली आणि बोटाच्या टोकानं वर पाच ठिपके दिले. गोकुळाष्टमीला बायका बाळकृष्णाची पावलं काढतात ना, तसं. आपली पोर पाण्यात संपली हे त्या माउलीला सोसवत नव्हतं. मला पुन्हा पालथं घालून ती माझ्यावर हात ठेवून रडली. थोड्या वेळानं सगळ्यांनी पाहिलं, लेकराचं चिमुकलं पाऊल. "माणसाचाच जन्म होय जी!" म्हणत तुलाराम ओक्साबोक्शी रडला.

असल्या कामाचं टोपलं पाण्यात सोडून देतात. रंभाबाईनं मला सोडू दिलं नाही.

पुढच्या साली तुलारामची बायको सखाबाई बाळंत झाली. मुलगा झाला, त्याचं नाव चंदन ठेवलं. बायकांनी त्याला उलटंपालटं करून कानामागे दीपमालासारखा तीळ शोधून काढला. शोधणाऱ्याला तीळ सापडतोच. मग काय, चंदन माझ्यातच झोपायची, माझ्यातच हातपाय झाडायची. होय, मी 'ती' म्हणतो. बोलायला लागल्यापासून ती स्वतःला तसंच म्हणायची. "आजी, मी पाण्याले जाऊन राहिली," असं म्हणत लहानगी लोटी कमरेवर घेऊन निघायची. दुसऱ्या घरी चार फटके बसले असते. इथे रंभाबाई तिला कुशीत ओढायची आणि म्हणायची, "माही दीपा आली व माय!" तुलाराम स्वतः मंडईतून तिच्यासाठी काचेच्या बांगड्या आणायचा. गावातलं कुणी हसलंच तर तो बजावायचा, "तिची आत्याच जन्माले आली होय. मागच्या जन्माचं आहे, हसू नोका."

सखाबाई मात्र यावर कधी काही बोलली नाही. ती एकूणच कमी बोलायची. सासू म्हणते ती आत्या, नवरा म्हणतो ती आत्या, म्हणजे असेल, असं तिचं होतं. पोर तिची होती, पण पोरीबद्दल बोलायचा मान दुसऱ्यांचा होता.

ते माझे चांगले दिवस. सकाळी माझ्यात मासळी, दुपारी चंदनची चिंध्यांची बाहुली. दोन्हींचा वास एकच झाला होता.

पण लेकरं मोठी होतात. चंदनचा आवाज फुटला, ओठावर लव आली. शाळेत पोरं तिची ओढणी ओढू लागली. तलावाच्या पाळीवर तुलारामचे सोबती त्याला डिवचू लागले, "जाळं कोण ओढंल बे तुह्या मागं? तुही बहीण?" तुलाराम वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन. पण त्यानं मनाशी एक समजूत करून घेतली: पोराच्या अंगात बहिणीचा जीव आहे, तिची लग्नाची हौस राहिली म्हणून ती अडकली आहे, तिला रीतसर निरोप दिला की खाली आपला पोरगा शिल्लक राहील. त्या समजुतीवर विसंबून तो नदीपलीकडच्या भैय्यालाल नावाच्या पुजाऱ्याला घेऊन आला.

भैय्यालालनं मलाच मागितलं. "ज्या टोपल्याखाली आली, त्याच टोपल्यात लावून देऊ." अवसेच्या भर दुपारी अंगणात पिठाची रेघ आखली. माझ्यात दीपमालाचं लुगडं, चंदनच्या बांगड्या, लिंबू आणि हळदकुंकू भरलं. चंदनला मध्ये बसवून तिच्यासमोर निखाऱ्यावर सुक्या मिरच्या टाकल्या. सगळं गाव कुंपणाशी जमलं होतं.

"बोल, कोण आहेस तू?"

"चंदन."

"खोटं नोको बोलू. दीपमाला आहेस ना? कधी जातेस?"

चंदन खोकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दीपमाला आहे, जाते," एवढं म्हणाली असती तर मिरच्या थांबल्या असत्या. पण मग उरलेला जन्म पोरगा होऊन काढावा लागला असता. ते तिला कळत होतं. ती म्हणाली, "मी कुठं जाऊ? हे घर माहंच आहे."

आणखी मिरच्या पडल्या. ती आडवी झाली. सखाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तोंडात पदर कोंबून.

तेव्हा रंभाबाई पुढे आली. "बंद करा! पोट्टी मरते!" तिनं पायानं निखारे उडवले. मग ती खाली बसली, मूठ वळली आणि सगळ्यांच्या देखत पिठाच्या रेघेवर टेकवली. वर पाच ठिपके दिले. तेच चिमुकलं पाऊल. "पाहून घ्या. तवाचंही म्याच काढलं होतं. माही दीपा कुठं आली नाही रे तुलाराम. इच्या अंगात कोणी नाही."

भैय्यालालनं आपली पिशवी उचलली आणि निघाला. मला वाटलं, सुटली पोर. मी टोपलंच, मला माणसांचं काय कळतं!

तुलारामनं ते पाऊल पाहिलं. मग चंदनकडे वळला. "आत्या नाही, तं मंग हे थेर कायचे? इतके दिवस कायले नाचवलंस आमाले?" आजवर जी माया तिच्या वाट्याला आली ती एका मेलेल्या बाईच्या नावावर होती. ते नाव पुसल्यावर तिच्यासाठी घरात काही उरलं नाही. तुलारामनं जाळं कापायच्या सुरीनं तिचे केस कापले. रंभाबाई त्याचा हात धरायला गेली आणि पडली. सखाबाई चौकटीपाशीच होती.

चंदन रडली नाही. तिनं आजीला उठवून बसवलं आणि म्हणाली, "आत्या नसंल आली, आजी. पण मी तं आली होती ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदन घरात नव्हती. वरठीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एकानं तिला तिथल्या स्टेशनावर बाकावर बसलेली पाहिलं, त्यानंतर कुणी नाही. रंभाबाईनं त्या पावसाळ्यात अंथरूण धरलं आणि त्यातच गेली. तिच्या दहाव्याला पीठ पसरू नका, असं तिनंच सांगून ठेवलं होतं.

मित्रांनो, माझी डागडुजी करा, मला उन्हात टाकू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं झालं ते झालं. पण तुमच्या घरात, तुमच्या वर्गात एखादं लेकरू आपण कोण ते सांगत असेल, तर त्याच्याकडे मागच्या जन्माचा दाखला मागू नका. या जन्मी ते तुमच्यासमोर बसलं आहे, तेवढं पुरे समजा.

आता सखाबाई मला डोक्यावर घेऊन वरठीला जाते. माझ्यात सुके झिंगे असतात, पण विक्रीकडे तिचं लक्ष नसतं. स्टेशनाबाहेर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, "माही पोरगी पाह्यली का जी?" लोक नाव विचारतात. "चंदन," ती सांगते. कुणी हसतं, "मंग पोरगा म्हण ना, बाई."

"नाही जी. पोरगीच होय ते माही."

इतकं ठाम बोलताना तिला मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. अंगणात त्या दुपारी ती हेच बोलली असती, तर ऐकणारी समोरच होती.