लिफ्टपाशी उभी

तळमजला

शिंप्याची बायको रोज सकाळी लिफ्टच्या दाराला पाठ लावून उभी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, जिन्याने जा. आधी लोक हळहळले, मग वैतागले. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती; पाठीमागे तिला 'वॉचमन' म्हणत.

चेअरमननी शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवून गोडीत सांगितलं, वहिनींना कुणाला तरी दाखवा, नाहीतर दुसरीकडे घर बघा. घर चेअरमनच्या मेव्हण्याचं, भाड्याचं. शिंप्याने मान डोलावली.

दुसरा आणि तिसरा यांच्या मध्ये

इथून लिफ्ट कोसळली. आत त्यांची धाकटी मुलगी होती. घरात यावर कुणी बोलत नाही.

समुपदेशक बाईंची खोली

शिंपीच बोलत सुटला. ही जेवते, झोपते, कामंही करते, फक्त तेवढं उभं राहणं सुटत नाही. तेवढं सोडवा. जणू बाही उसवून नीट लावायची होती. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला विचारलं, तिथे उभं राहिल्यावर काय होतं?

"तेवढा वेळ श्वास येतो," ती म्हणाली.

मग बाई शिंप्याकडे वळल्या. "लिफ्ट दुरुस्त झाली?"

"रंग दिलाय."

"दादा, मी रंगाचं नाही विचारलं."

दोर बदलला होता. ब्रेक जुनाच. तो बदला म्हणून मेकॅनिकने भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं आणि मीटिंगने, पुढच्या वर्षी बघू म्हणत चहा घेतला होता.

"मग याला मी आजार कसं म्हणू?" बाई म्हणाल्या. "दुःखात मी ताईंच्या सोबत आहे, तुमच्याही. पण दिसणारा धोका दिसेनासा करायचं औषध माझ्याकडे नाही."

शिंपी भडकला. तुमचं काय जातंय, घर आमचं जाईल, म्हणाला. बाईंनी ते नाकारलं नाही. जाईलही, म्हणाल्या, चेअरमनशी बोलायला मी येते. मग सहज विचारावं तसं विचारलं, तुम्ही स्वतः वर कशाने जाता?

शिंपी गुडघा चोळू लागला.



गुडघे दुखत असूनही तो जिनाच चढायचा, रोज. व्यायाम होतो, असं सांगायचा. बायको त्याच्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी.

तळमजला, पुन्हा

दुसऱ्या दिवशी बाई खरंच आल्या. चेअरमन खाली उतरले, बाईंना नमस्कार केला, आणि शिंप्याला म्हणाले, "अहो, आवरा वहिनींना."

शिंपी बायकोच्या शेजारी जाऊन दाराला टेकला.

"ब्रेक बदला," तो म्हणाला. "तोवर आम्ही हलत नाही."

चेअरमननी तिथेच मेव्हण्याला फोन लावला. बोलत बोलत ते गेटकडे गेले. आता काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनाही नाही.

वरून कुणीतरी बटण दाबलं. शिंपी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर ओरडला, "थांबा, चढू नका आत."

बायकोने त्याचा आवाज ऐकला. मग ती दाराला घसटत हळूच खाली बसली, फरशीवर, आणि रडू लागली. बाई तिच्याजवळ बसल्या. शिंपी उभाच राहिला.