दहा मिनिटांची चंद्रव्वा

पुण्याहून आलेल्या हिंदुराव साहेबांनी तक्ते वाटले, तेव्हा विजयमाला सिस्टरला मनातून आनंदच झाला. कुठल्या वॉर्डला किती नर्स द्यायच्या हे आजवर मेट्रनच्या मर्जीवर चालायचं. आता ते मोजून ठरणार होतं. प्रत्येक खाटेपुढे रकाने होते: पेशंट जेवतो का, उठतो का, सलाईन आहे का, आणि शेवटी, नर्सचा हात दिवसाकाठी किती मिनिटं लागतो. महिनाभर तक्ते भरून बघायचे आणि ही पद्धत चालण्याजोगी आहे की नाही ते साहेब वर कळवणार. पंचाहत्तर सालच्या सोलापुरात हे अगदी नवं होतं. विजयमालाचं अक्षर सुरेख. शिवाय बायकांच्या वॉर्डची इन्चार्जची जागा लवकरच रिकामी होणार होती, आणि त्या जागेवर तिचा डोळा होता.

तिने एकही आकडा खोटा लिहिला नाही. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे जे घडलं ते खऱ्या आकड्यांनीच घडलं.

सात नंबरच्या खाटेवर मंद्रूपची चंद्रव्वा होती. घशातल्या गाठीने श्वास कोंडला म्हणून डॉक्टरांनी तिच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. नळीत कफ साचला की पायाने दाबायच्या यंत्राने तो ओढून काढायचा, नाहीतर जीव घुसमटणार. तिला बोलता येत नसे. मग ती हातातला जर्मनचा पेला खाटेच्या लोखंडावर वाजवायची, आणि खाली पटकुरावर बसलेली तिची लेक निंगव्वा ताडकन उठायची. विजयमालानेच तिला ते काम दोन दिवसांत शिकवलं होतं. पोरगी हुशार, डोळ्यांत तेल घालून बसायची. त्यामुळे सकाळी नळीची पट्टी बदलायची, एवढंच विजयमालाकडे उरलं होतं. सातव्या खाटेपुढे तिने लिहिलं, दहा मिनिटं.

आया रंभाबाई शेजारीच फरशी पुसत होती. तिला वाचता येत नसे, पण रकाने कशाचे ते तिने विचारून घेतलं होतं.

"बाई, निंगीची मिनिटं कुटं लिवली?"

"तिचा रकाना नाही, रंभाबाई."

"आन् दोन नंबरच्या म्हातारीला सून भरवती, तिची?"

"तीही नर्स नाही ना."

"व्हय की. ती न्हाय, मी बी न्हाय," रंभाबाई म्हणाली आणि बादली उचलून पुढे सरकली.

विजयमाला हसली खरी, पण मन कुठेतरी खट्टू झालं. खाली दोन ओळी लिहाव्यात, साहेबांना सांगावं, असं एकदा वाटून गेलं. तक्ता मात्र इतका स्वच्छ दिसत होता की त्यावर आगाऊ काही खरडायचं तिच्या जिवावर आलं.

साहेबांनी मेट्रनसमोर तिची पाठ थोपटली. अठ्ठावीस खाटा आणि काम जेमतेम एका नर्सपुरतं! संक्रांतीच्या आठवड्यापासून दिवसपाळीची दुसरी नर्स पुरुषांच्या वॉर्डात गेली. चार दिवस सगळं सुरळीत चाललं, इतकं की विजयमालालाच धास्ती वाटू लागली. वॉर्ड कोण चालवतंय हे तिला ठाऊक होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पाचवा दिवस भोगीचा. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या लग्नाच्या अक्षता त्या दिवशी दुपारी पडतात आणि सारं सोलापूर तिकडे लोटतं. सकाळपासून एकेक नातेवाईक दाराशी येऊ लागला. तासाभरात येतो, बाई. विजयमाला दरसालाप्रमाणे मान हलवत राहिली. शेवटी निंगव्वा आली.

"अव्वासाठी नवस बोलले हाय सिद्धरामाला. अक्षता टाकून लगी येते. जाऊ का?"

"जा," विजयमाला म्हणाली. "मी आहे."

बारा वाजता तिने वॉर्डकडे पाहिलं. फरशी दिसत होती. खाटांखालची पटकुरं, डबे, गाठोडी घेऊन बसलेली माणसं नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फरशी. या वॉर्डाची फरशी एवढी मोठी आहे हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

मग हाका सुरू झाल्या. पाणी. भांडं. चार नंबरचं सलाईन संपत आलं होतं. दोन नंबरची म्हातारी सुनेच्या नावाने रडत होती. विजयमालाने रंभाबाईला सात नंबरपाशी बसवलं. "पेला वाजला की मला हाक मारा. हलू नका."

रस्त्यावरून हलग्या वाजत आल्या, तेव्हाच दोन नंबरची म्हातारी खाटेवरून पडली. डोकं फुटलं, फरशीवर रक्त पसरलं. ती अंगाने दांडगी, एकटीला उचलेना. "रंभाबाई!" विजयमाला ओरडली, आणि रंभाबाई धावत आली. दोघींनी तिला वर घेतलं, जखम दाबून धरली, पट्टी बांधली. खिडक्यांची तावदानं हलग्यांनी थरथरत होती. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मिरवणूक पुढे गेली. हलग्या लांब गेल्या, आणि विजयमालाने कान दिला. पेला वाजत नव्हता.

ती धावली. पेला खाली पडला होता. खाटेच्या लोखंडावरचा रंग एका जागी ताज्या टवक्यांनी उडाला होता, आणि चंद्रव्वाचे डोळे दाराकडे लागलेले होते. विजयमालाने नळी साफ केली, यंत्र दाबत राहिली, डॉक्टर येऊन तिचा हात धरेपर्यंत दाबत राहिली. उपयोग झाला नाही.

तीन वाजता हिंदुराव साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांचाही चेहरा उतरला होता. "नातेवाईक न सांगता निघून गेली, असं लिहा सिस्टर," ते हळूच म्हणाले. "तुमच्यावर काही येणार नाही."

दाराशी निंगव्वा उभी होती. देवाच्या उरलेल्या अक्षता तिने पदराच्या गाठीत आईसाठी आणल्या होत्या. तिने आईकडे पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. "माजंच चुकलं, बाई," ती म्हणाली. "मी जायला नको हुतं."

तिला तसं वाटू देणं किती सोपं होतं! विजयमालाला स्वतःची लाज वाटली. ती साहेबांसमोरच खाली बसली.

"तू विचारून गेलीस. मीच जा म्हणाले. आणि निंगव्वा, दुसरी नर्स इथून गेली तीही माझ्यामुळे. तुझ्या आईला दिवसाला दहा मिनिटं पुरतात, असं मी कागदावर लिहून दिलं होतं."

निंगव्वाला ते समजायला वेळ लागला. तिने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. यंत्र दाबून दाबून त्याच्या तळव्याला घट्टा पडला होता.

"धा मिनिटं?" ती म्हणाली. "मग ईस दीस मी हितं काय करत हुते, बाई?"