मनुका कुणाकडे द्यायच्या

मनुका आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या, पातळ फडक्यातून पिळून घ्यायच्या. भिंगारच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला सगळ्यांना घोटभर वाटायचा रस असाच होई आणि तो करायचं काम रेबेकाच्या सासूकडून रेबेकाकडे आलं होतं. सोबत सासूची एक अट आली होती: मनात कुणाबद्दल अढी असली तर मनुका दुसऱ्या घरी द्यायच्या. तसल्या हाताने रस करायचा नाही.

रेबेकाने मनुका कुणाला दिल्या नाहीत. नवऱ्याला, गिदोनला, पुरलं त्याच आठवड्यात पाळकांनी विचारलं होतं, "कल्याणला क्षमा केलीस ना, बाई?" आणि ती "केली" म्हणाली होती. लोकांनी डोळे पुसले होते. पाथर्डीच्या लग्नाहून परतताना जीप कल्याण चालवत होता, कानाला मोबाईल होता, शेजारी गिदोन बसला होता. जीप उलटली, पण कल्याणला खरचटलंसुद्धा नाही.

शनिवारी रस गाळताना रंगुबाई दारात आली. कल्याणची आई.

"लई गोड वास सुटलाय गं."

"या मावशी. बसा."

म्हातारी उंबऱ्यावरच टेकली. "उद्या त्याला म्हन की एकदा. तुज्या तोंडानं."

"पाळकांसमोर म्हटलं होतं की मी."

"पाळकाला म्हनलीस. त्याला कुटं म्हनलीस? पोरगं कप फिराया लागला की उठून भाईर जातंय. मी म्हनलं, अरे मुडद्या, देवाच्या मेजावरनं उठतो व्हय? तर म्हनतो, माझं त्वांड न्हाई."

रेबेकाने फडकं पिळलं. चमचाभर रस जिभेवर घेतला. गोड असणार, दर महिन्याला गोडच असतो. तिला चवच कळली नाही. तिने आणखी एक चमचा घेतला, मग चमचा धुऊन टाकला.

"बघते," ती म्हणाली.

म्हातारी गेल्यावर तिने खरंच बघितलं. कल्याणचा चेहरा आठवला, जीप आठवली, गिदोनचा नागापूरच्या वर्कशॉपचा निळा शर्ट आठवला, जो अजून दारामागे होता. राग शोधला. दया शोधली. दोन्ही नव्हतं. झाडून काढलेल्या खोलीत उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि आजवर ती त्यालाच साफ मन समजत आली होती.

रविवारी पाळकांनी नेहमीचा इशारा दिला: कुणाशी बिनसलं असेल त्याने आधी समेट करावा, मग मेजाकडे यावं. मागच्या बाकावरून कल्याण उठला आणि चपला घालून बाहेर गेला. कुणी मान वळवली नाही. सवय झाली होती.

ट्रे रेबेकापाशी आला. अंगठ्याएवढे काचेचे कप, तिनेच भरलेले. तिने ट्रे तसाच पुढे सरकवला.

"अगं, घे ना," शेजारी बसलेली शाळेतली प्रार्थना टीचर कुजबुजली. "चक्कर येतेय का?"

"नाही." पदर सावरून रेबेका उठली आणि मधल्या वाटेने सगळ्यांदेखत बाहेर गेली. या खेपेला माना वळल्या.

कल्याण नळापाशी बसला होता. तिला पाहून ताडकन उभा राहिला.

"वहिनी? काय झालं?"

"मीही नाही घेतला."

"माझ्यामुळं?"

"नाही रे. तुला क्षमा केली म्हणाले ना, ते खोटं होतं. रागही नाही. काहीच नाही. नुसतं म्हटलं, आणि त्यावर रस करत राहिले."

"राग केला असता तर बरं झालं असतं, वहिनी. चार शिव्या तरी घातल्या असत्या."

"आला की घालीन."

तो हसणार होता बहुतेक. त्याचा चेहराच वेडावाकडा झाला. आत शेवटचं गीत सुरू झालं. गीत संपल्यावर टीचर ट्रे घेऊन बाहेर आली आणि दोघांकडे एकदा बघून ट्रे कट्ट्यावर ठेवून गेली. दोन कप भरलेले होते.

रेबेकाने पदर खोचला. कप धुणं तिचंच काम. ती खाली बसली.

"हे दोन?" कल्याणने विचारलं.

"झाडाला. कप धुतलेलं पहिलं पाणीही तिथंच. मेजावरचं गटारात नाही जाऊ द्यायचं."

त्याने दोन्ही कप कडुनिंबाच्या बुंध्याशी रिते केले. कोरड्या मातीने ते लगेच शोषले.

"पुढच्या महिन्याच्या मनुका तुझ्या आईकडे देते," ती म्हणाली.

"आमच्या घरी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी मनुका परत मागायला आले, तर समज."

"आणि नाही आलात तर?"

रेबेकाने पहिला कप बोटांत धरून आतून पुसला, उजेडाकडे केला, पुन्हा पुसला.

"बादली भर," ती म्हणाली.