बाबाचे शंकू आणि कांबळी

"सुईच्या नेढ्यातून दोरा जाई लांब लांब,
घरच्या धन्याला सांगते, ऐकाया जरा थांब."

शिवणयंत्र चालवता चालवता शिंपीकाकांची बायको गुणगुणायची, ते कधीकाळी एका कॅसेटवर उतरलं होतं. ती गेली, आणि काकांजवळ तिचा तेवढाच आवाज उरला. मग मुलाने दिवाणखान्यात आरशासारखी फरशी बसवली. ती दिसावी म्हणून सतरंजी गुंडाळली, पडदे उतरवले. त्या दिवसापासून कॅसेटमधला शब्द घुमू लागला, जणू मागून कुणी तेच पुन्हा म्हणतंय. सुनेच्या अंगावर काटा आला, आणि मुलगा भुतं उतरवणाऱ्या नादबाबाला घेऊन आला.

आज तिथे अख्खी गल्ली दाटली होती. बाबाने चार कोपऱ्यांत तांब्याचे चार शंकू मांडले.

"अतृप्त जीव भिंतीत अडकलाय. माझे शंकू त्याची कंपनं गिळतील!"

शंकूंना थंडी बाधू नये म्हणून त्याने जमिनीवर जाड कांबळी अंथरायला लावली, भिंतींवरही टांगायला लावली. तांब्याला थंडी वाजते, हे ऐकूनही एकाही शहाण्याला हसू फुटलं नाही.

कॅसेट लागली. आवाज स्वच्छ, एकेरी.

"चमत्कार!" गल्लीने माना डोलावल्या. मेंढरं तरी पुढचा खड्डा बघून थबकतात.

"आता कॅसेट माझ्या हाती द्या," बाबा म्हणाला. "जाळली, की जीव मोकळा."

काकांनी कॅसेटकडे हात नेला. तेवढ्यात त्यांची थोरली लेक पुढे आली. पडदे शिवून पोट भरणारी बाई ती.

"अप्पा, देऊ नका. आधी हे शंकू उचलते."

"भस्म होशील, पोरी!"

"झालेच तर एक कांबळं घाला माझ्यावर."

तिने शंकू अंगणात ठेवले. आवाज तसाच स्वच्छ. मग शंकू परत मांडले, कांबळी काढली आणि सगळ्यांना बाहेर पाठवलं. "माणसंसुद्धा आवाज पितात, दारातून ऐका." तिने टाळी वाजवली, ती भिंतीवर आपटून झणकन परतली. कॅसेट पुन्हा घुमली.

"मी रोज बिनपडद्याच्या खोल्यांत वावरते. उघड्या फरशीवर आवाज चेंडूसारखा उसळतो, कापडात रुततो. जीव अडकला नाही की भूत बसलं नाही. दहा जण डोलले म्हणून खोटं खरं होत नसतं. एकेक वस्तू काढून बघा, मग काय ते माना!"

"नास्तिकांच्या घरी विद्या चालत नाही," म्हणत बाबाने शंकू पिशवीत कोंबले आणि काढता पाय घेतला. विद्या बिचारी! तिला समोरचे डोळे मिटलेलेच लागतात.

सतरंजी अंथरली, पडदे चढले.

"अप्पा, आता नीट येतंय ना?" मुलाने खालमानेने विचारलं.

काकांनी कॅसेट बंद केली.

"मला ठाऊक होतं रे. फरशी बसली त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"दोनदा ऐकू यायचं ना... वाटायचं, दुसऱ्यांदा ती मलाच सांगतेय."