दोर अन् हंड्या

मले गप बसता येत नाई. लपवाले गेलो तरी पायच सांगून देते. बसलो का मांडी हालते, उभा राह्यलो का बोटं चालू. माही बायको गोकुळा म्हनते, "तुमी झोपेत बी चालून राह्यता." बरं, चालतो त चालतो, कोनाच्या बापाचं काय जाते? पन गावानं या गोष्टीचा एवढा बाऊ केला का विचारू नका.

आमी ढिवर, मासोळी धरनारे. गावचा तलाव आमच्या संस्थेकडं हाय. हिवाळ्यात त्याच्यात महाजाळ ओढतो. दोन्ही काठानं मानसं दोर धरून सारख्या चालीनं चालतेत. एक बाजू पुढं गेली का जाळ्याची खालची कोर चिखलातून उचलते अन् मासोळी खालून सटकते. मागच्या हंगामात मी पुढं गेलो. एकदा नाई, लय खेपा गेलो. आता मांगचे लोक बैलासारखे रेंगाळतेत त मी काय करू? पन संस्थेचे अध्यक्ष रामाजीभाऊ यायनं मलेच दोरावरून उतरवलं. आमच्यात नियम साधा हाय, दोराले हात त हिस्सा, नाई त नाई. तो पुरा हिवाळा गोकुळा दुसऱ्याच्या बांधीत धान कापत राह्यली, अन् आमच्या घरी मासोळी इकत आली. ढिवराच्या घरी इकतची मासोळी.

म्हनून पावसाळ्यात जिरं आनाचा विषय निघाला तवा मी बैठकीत कोनी विचाराच्या आधीच उभा राह्यलो. जिरं म्हंजे माशाची बारीक बारीक पिल्लं. बीज केंद्रातून हंड्यायत भरून, यष्टीनं आनून तलावात सोडाची. वाटभर हंडीत हात घालून पानी खळबळत ठेवा लागते. पानी गप झालं का जिरं गुदमरून मरते. रामाजीभाऊ म्हनले, "मिथुन, जिरं जितं आनलं त दोरावर घेतो तुले. पन संग पत्रू येईन."

हा पत्रू महाजाळाच्या दोराचं पुढचं टोक धरते. घराले आग लागली तरी आधी जेवन आटोपीन, मंग उठीन, असा मानूस. गावाले त्याचं भारी कौतुक. त्याच्या बाजूले बसलं का मले अंगावर मुंग्या चढल्यासारखं होते.

हंड्या भरून येताना गडचिरोली सुटलं अन् माहा जीव कामात लागला. मांगच्या सीटखाली हंड्या, तोंडाले ओलं फडकं. मी एका हंडीतून दुसऱ्या हंडीत हात फिरवत होतो. पत्रू मधातच एखादी हंडी हलवे अन् खिडकीतून धानाचे रोवने पाहे. माहा हात काई थांबला नाई, अन् जिनगीत पहिल्यांदा मले कोनी "गप बस" म्हनत नव्हतं. मस्त वाटत होतं, खोटं काऊन बोलू?

मंग जंगलात यष्टी थांबली. नक्षल्यायच्या पायी पोलिसायची तपासनी होती. बाया आतच राह्यल्या, मानसायले खाली उतरवून रांगेत उभं केलं. जवान म्हनला, "सामानाला कोणी हात लावायचा नाही. साहेब येऊन बघतील."

पत्रूचा नंबर आधी लागला. कुठला, कुठी चालला, संग काय हाय. त्यानं गाईवानी शांत उत्तरं देल्ली. जवान म्हनला, "जा, बस आत." माहा नंबर आला त माही बोटं चालू, मान यष्टीकडं, पाय एका जागी नाई.

"काय रे, हात का हलवतोस?"

"सवय हाय, साहेब."

"सारखा तिकडं काय बघतोस?"

"जिरं हाय, साहेब, हंडीत. मरते ते."

त्याले जिरं काय समजते? त्यानं मले बाजूले, झाडाखाली बसवलं. हात डोक्यावर. आता सांगा, माह्यासारख्याले हात डोक्यावर ठेवून बसवनं म्हंजे काय? यष्टीची मांगची खिडकी समोरच दिसत होती. पत्रू तिथी बसला होता, दोन्ही हात मांडीवर. मी वरडलो, "पत्रू, हंडी हलव बे." त्यानं माह्याकडं पाह्यलं, जवानाकडं पाह्यलं, अन् नकाराची मान हलवली. जवानानं मले दटावलं. साहेबाचा पत्ता नव्हता. उन्ह चढत होतं. हंडीतलं पानी गप झालं असन, जिरं वर येऊन तोंड उघडत असन, हेच मले दिसत राह्यलं. पत्रूचे हात काई मांडीवरून उठले नाईत.

मी पळालो.

आमच्या जिल्ह्यात तपासनीतून पळनं म्हंजे काय, हे लेकरायले बी समजते. मांगून "थांब" ऐकू आलं, बंदुकीचा खटका बी ऐकू आला. मी थांबलो नाई. यष्टीत चढलो अन् कोपरापर्यंत हात हंडीत घातला. काई जिरं पांढरं पडून वर आलं होतं. बाकीचं हाताभोवती वळवळलं, तवा माह्या डोळ्यातून पानी आलं.

तेवढ्यात पत्रू उठला. दोन्ही हात वर करून तो यष्टीच्या दारात उभा राह्यला, बंदुकीच्या अन् माह्या मधात. "साहेब," तो म्हनला, रोज बोलते तसाच. "मासोळीचं जिरं हाय. तो माह्या गावचा मानूस हाय. या, पाहून घ्या." त्याच्या जागी दुसरा कोनी असता त कापत वरडला असता, अन् मंग काय झालं असतं ते मी बोलत नाई. साहेब आले, हंडीत डोकावले, मले चांगलं झापलं अन् यष्टी सोडली.

तलावावर सारा गाव जमला होता. जिरं सोडलं, पान्यात धुरासारखं पसरलं. रामाजीभाऊ खूश. "शाब्बास, मिथुन. हिवाळ्यात ये दोरावर."

"नाई," पत्रू म्हनला.

मंग त्यानं पुरं सांगितलं. पळालो ते, बंदूक ते, सारं. स्वतः हंडीले हात लावला नाई, तेही सांगितलं, जवानानं मना केलं होतं म्हनून. त्याच्यावरून त्याले कोनी नाव ठेवलं नाई, उलट दोघं-तिघं मान हलवत होते. "याच्या मांगं बंदूक होती तरी हा थांबला नाई," पत्रू म्हनला. "दोरावर आपन थांब म्हनलं त थांबन का?"

मी म्हनलो, "मी थांबलो असतो त आज तलावात काय सोडलं असतं तुमी?"

रामाजीभाऊनं वाकून पान्यातलं जिरं पाह्यलं. मंग म्हनले, "जिरं दरसाल तूच आन. पन दोर नाई."

"अन् हिस्सा?" गोकुळानं विचारलं.

"दोर नाई त हिस्सा नाई," रामाजीभाऊ म्हनले. नियम त साऱ्यायले पाठ. तवा पत्रू म्हनला, त्याच आवाजात, "माह्या हिश्श्यातला अर्धा याले द्या. दरसाल. जिरं यानं आनलं."

माह्या मस्तकात आग गेली. ज्यानं जीव वाचवला त्यानंच दोर काढून घेतला, अन् आता वरून हा घास.

"नको," मी म्हनलो. त्याचं बोलनं खाली पडाच्या आधीच म्हनलो.

गोकुळाचं तोंड हो म्हनासाठी उघडलं होतं. ते तसंच राह्यलं.

पत्रूनं एकदा माह्याकडं, एकदा गोकुळाकडं पाह्यलं, अन् रिकाम्या हंड्या उचलून आपल्या घराकडं निघाला.