उजवा गुडघा

डॉक्टरांनी डाव्या गुडघ्यावरच्या जाड चामडी पट्ट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाले,

"उजवा पाय सरळ करा."

बुरुजाचा पाय जागचा हलला नाही.

"डॉक्टर, अधू आहे तो डावा. पट्टा त्यालाच बांधलाय की."

"बघू, तोही बघू. पण मालकांनी बजावून सांगितलंय, आधी उजवा."

त्यांचा अंगठा वाटीच्या खाली बरोब्बर त्या जागी रुतला. आत काहीतरी कटकन वाजलं. बुरुजाने दात आवळले, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर दोन ओळी खरडल्या. कळ गुडघ्यात होती, पण बुरूज विचार करत होता तो मालकांच्या 'आधी उजवा'चा.

बुरूज हे नाव त्याला फुटबॉलच्या मैदानावर मिळालं होतं. अकरा वर्षं तो बचावफळीत उभा राहिला, आणि त्याला चकवून पुढे गेलेले बोटांवर मोजण्याइतकेच. गुडघा फिरला त्या सामन्यातही तो स्वतःच्या पायांनी बाहेर चालत आला. जरा धक्का लागला की गवतावर लोळणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता, आणि लोळण्यात त्याच्याच संघातल्या चिकण्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसता वारा लागला तरी चिकणा चार कोलांट्या घ्यायचा. तरीही दोघे जिवाभावाचे. असं होतं खरं कधीकधी.

फुटबॉल सुटल्यावर चिकण्यानेच त्याला या धंद्यात आणलं, आणि दोघे जोडीनेच रिंगमध्ये उतरू लागले. इथली कुस्ती म्हणजे शो. कोण जिंकणार, कोण हरणार, सगळं आधी ठरलेलं. आपटायचं ते समोरच्याला लागणार नाही अशा बेताने, आणि ज्याला आपटलं त्याने जीव गेल्यासारखं ओरडायचं. हे ओरडणं काही बुरुजाला जमेना. महिनाभर सरावात चिकणा त्याच्या डोक्यावर बसला होता. "अरे, विंचू चावल्यासारखा ओरड! सासुरवाडीला आलायस का?"

पट्ट्याची युक्तीही चिकण्याचीच. पट्टा दिसला की समोरचा पैलवान त्याच गुडघ्यावर तुटून पडतो, लोकांना तेच आवडतं. मग पट्टा धडधाकट पायाला बांधायचा आणि दुखऱ्या पायाने गुपचूप शेजारी उभं राहायचं. पाच वर्षं बुरूज लोकांसमोर डाव्या पायाने लंगडत आला होता. खरा गुडघा कुठला हे दोघांनाच ठाऊक होतं. एक त्याची बायको, जी रोज संध्याकाळी उजव्याला तेल चोळायची आणि सख्ख्या आईलाही त्याबद्दल बोलली नव्हती. दुसरा चिकणा.

तपासणीनंतर शोच्या मालकांनी त्याला खोलीत बसवून घेतलं. डॉक्टरांचा कागद टेबलावर होताच.

"उजवा गेलाय म्हणतात. पुढच्या हंगामात तुला उतरवता येणार नाही."

"पण आजच्या खेळात चिकणा मला दगा देणार, मग तीन महिने आमचं वैर, शेवटी गळाभेट. असं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. आता आजच संपवू. चिकण्याने खुर्ची हाणली, गुडघा मोडला, स्ट्रेचरवरून गेलास. झकास निरोप होईल. चिकण्याला विचारलंय मी. त्याला पटलंय."

"कधी विचारलंत?"

"झाले की पंधरा दिवस."

डॉक्टरांचा अंगठा लागून अजून तासही झाला नव्हता.

बुरूज उठून बाहेर आला. या पंधरा दिवसांत चिकणा दोनदा त्याच्या घरी जेवून गेला होता. वर, "वहिनी, याला जपा हं," असं हात धुता धुता म्हणालाही होता. परक्याने केलं असतं तर बुरुजाने शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. ह्याने मात्र केसाने गळा कापला होता.

कपड्यांच्या खोलीत चिकणा बुटाची नाडी बांधत होता. सोडून परत बांधत होता.

"काय रे, काय म्हणाले डॉक्टर?"

"पाय सरळ करा म्हणाले."

चिकणा हसला आणि केस विंचरायला आरशाकडे गेला. बुरुजाने त्याच्याकडे पाठ करून पट्ट्याची बक्कलं सोडली. पट्टा उजव्या गुडघ्यावर चढवला, घट्ट आवळला आणि वरून लांब झगा पांघरला.

रिंगमध्ये झगा उतरला तेव्हा चिकण्याची नजर खाली गेली आणि तिथेच अडकली. पण घंटा वाजली होती. ठरल्याप्रमाणे लढत झाली, ठरल्याप्रमाणे ही जोडी हरली. समोरच्या दोघांनी गुडघ्याला हात लावला नाही. तो मान आज चिकण्याचा होता. बुरूज आडवा पडला. चिकण्याने लोखंडी खुर्ची डोक्यावर उचलली आणि सगळं सभागृह "नको, नको" करत उभं राहिलं.

"डावा दे," चिकणा ओठ न हलवता पुटपुटला.

"डॉक्टरांना कुठला बघायला लावलास?"

खुर्ची तशीच वर राहिली. चिकण्याच्या कपाळावरून घाम ओघळला.

"एकालाच ठेवणार होते रे ते. मी काय करणार?"

बुरुजाने उजवा पाय लांब केला.

"मग मार."

खुर्ची खाली आली. गुडघ्यापासून चार बोटांवर रिंगच्या फळ्यांवर आदळली. त्या आवाजाने पुढच्या रांगेतल्या बाया दचकल्या, आणि मग सगळे किंकाळीची वाट पाहू लागले.

"ओरड," चिकणा म्हणाला. "अरे, ओरड ना. पाया पडतो तुझ्या."

चिकण्याचा पुढचा सगळा हंगाम त्या एका किंकाळीवर उभा होता. ती आली नाही तर तो दगाबाज ठरणार नव्हता, जमिनीला खुर्ची मारणारा येडा ठरणार होता. बुरूज वरच्या दिव्यांकडे बघत पडून राहिला. त्याला रडू येत होतं. गुडघ्यासाठी नव्हे, या माणसासाठी. त्याने ते गिळलं, हात टेकले आणि उठून उभा राहिला.

स्ट्रेचरवाले अर्ध्या वाटेत थबकले. कुठेतरी कुणी फिसकन हसलं आणि हसू रांगारांगांतून पसरत गेलं. चिकणा मधोमध खुर्ची धरून उभा होता.

बुरूज दोरांमधून बाहेर पडला. जोर देऊन उठल्यामुळे गुडघा आतून पेटला होता. खुर्च्यांमधल्या वाटेने तो लंगडत निघाला. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं.

"बघितलंस का? पाच वर्षं डावा दुखत होता, आज उजवा. गड्याला धड नाटकसुद्धा जमत नाही."

बुरुजाने ते ऐकलं. तो उजव्या पायानेच लंगडत पुढे गेला.